बिनवासाची पट्टी

१

कचऱ्याची टोपली नेहमीसारखी दाराआड असती, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण ती बोळात, ऐन वाटेत ठेवलेली होती. हरलेल्या बॉक्सरचा कोच आपल्या माणसाच्या स्ट्रेचरमागून धावत निघाला होता. त्याचा पाय टोपलीत अडकला आणि तो तोंडावर आपटला. माणूस हरला की टोपलीसुद्धा त्याला लाथ मारून घेते.

टोपली कलंडली. आतून रिकाम्या बाटल्या आल्या, रक्ताचा कापूस आला आणि सगळ्यात शेवटी हातांवरून कापून काढलेल्या दोन पट्ट्या आल्या. डाव्या हाताची पट्टी फरशीवर पचकन पडली. उजव्या हाताची पडली, ती वाजली.

कोच पडल्या जागेवरून तिच्याकडे बघत राहिला. सगळा जन्म पट्ट्यांत गेला होता, पण पट्टी वाजताना त्याने कधी ऐकली नव्हती. हात लांबवून त्याने ती टकटक ठोकून पाहिली. मग तो असा ओरडला की स्ट्रेचरवरच्या बेशुद्ध माणसाने डोळे उघडले.

"प्लॅस्टर! प्लॅस्टर भरून मारलंय माझ्या पोराला!"

आतल्या खोलीत ‘बुलडोझर’ पायात मोजा चढवत होता. बुलडोझर हे पोस्टरवरचं नाव. घरात त्याला बाळ म्हणत, आणि बाळाचं वजन शंभर किलोच्या बरंच पुढे होतं. मोजा टाचेपाशीच थांबला. शेजारी मावशी स्वेटर हातात धरून उभ्या होत्या.

प्लॅस्टर म्हणजे काय, हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं. ग्लोव्हच्या आत बॉक्सरच्या हाताला कापडी पट्टी बांधतात. त्या कापडात कोरडं प्लॅस्टर पेरलं, तर बांधताना काही दिसत नाही. पुढे ग्लोव्हमध्ये घाम सुटतो, प्लॅस्टर भिजतं, घट्ट होतं, आणि मग माणूस मुठीने मारत नाही, विटेने मारतो. समोरच्याचा जबडा तर मोडलाच होता.

"मावशी, मी काही केलं नाही."

हे वाक्य त्याने याआधी चौथीत असताना म्हटलं होतं. शाळेच्या घंटेचा दोर तुटला होता. तेव्हाही त्याने काही केलं नव्हतं. तो नुसता लोंबकळला होता.

मावशींनी दाराकडे पाहिलं. दारात बॉक्सिंग मंडळाचे अध्यक्ष उभे होते. मेलेला उंदीर धरावा तशी त्यांनी ती पट्टी दोन बोटांत धरली होती.

"लायसन आत्ताच्या आत्ता माझ्याकडे द्या," अध्यक्ष म्हणाले. "शुक्रवारी सुनावणी. सिद्ध झालं, तर हा मुलगा पुन्हा रिंगमध्ये दिसणार नाही. प्रेक्षकांतसुद्धा नाही."

२

मावशी निवृत्त परीक्षाप्रमुख होत्या. कॉलेजात त्यांच्या चपलांचा आवाज आला की वर्गातली मुलं स्वतःचं खरं नावसुद्धा विसरत. कॉप्या पकडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि त्या विषयातलं त्यांचं सगळं ज्ञान एका वाक्यात मावत असे: ज्याच्या बाकाखाली चिठ्ठी सापडते, त्याची ती क्वचितच असते, स्वतःची चिठ्ठी माणूस गिळतो.

बहीण गेल्यावर तिच्या मुलाला त्यांनीच वाढवलं. त्याने हिशेबतपासनीस व्हावं अशी त्यांची इच्छा होती. तो बॉक्सर झाला. दोन्ही धंद्यांत समोरच्याला खाली बसवायचं असतं, एवढंच साम्य काढून त्या गप्प बसल्या.

त्याची चढती कमान पोस्टरवर मोजता येई. पहिल्या लढतीच्या पोस्टरवर तो तळाशी, छापखान्याच्या पत्त्याशेजारी, टपालतिकिटाएवढा होता. समोर फर्निचर वाहून नेणारा एक सज्जन होता, जो पहिल्या राउंडनंतर क्षमा मागून निघून गेला. मग फोटो पासपोर्टएवढा झाला, मग पाटीएवढा. समोरचे सज्जनही हळूहळू कमी सज्जन होत गेले. परवाच्या लढतीत त्याचा फोटो पोस्टरभर होता आणि छापखान्याचा पत्ता त्याच्या कोपरावर आला होता. ही जिंकली की पुढची लढत थेट किताबासाठी, असं ठरलेलं होतं. जिंकलीही होती.

मावशी त्याच्या प्रत्येक लढतीला हजर असत, डोळे घट्ट मिटून. घंटा वाजली की मिटायचे आणि शेजारचा उठून उभा राहिला की उघडायचे. दर वेळी मिटल्या डोळ्यांमागे त्या एकच मागणं मागत: पोराला यातून सोडव.

देव ऐकतो, पण त्याचा कारभार सरकारी. अर्ज एका कामाचा, मंजुरी भलत्याच कामाची.

घरी आल्यापासून बाळ एका जागी बसला नव्हता. दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात. त्याच्या पावलागणिक कपाटातल्या काचा थरथरत.

"अरे, बस जरा."

"बसलं की ती टकटक ऐकू येते, मावशी."

मावशींनी पर्स उचलली. टकटक त्यांनाही ऐकू येत होती.

३

मंडळाचं कार्यालय टायरच्या दुकानावर होतं. अध्यक्षांनी कपाटातून पारदर्शक डबा काढला आणि टेबलावर ठेवला.

"नियमानुसार पुरावा पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे. हात लावण्याचा नाही."

"वास घेण्याचा?"

अध्यक्षांनी नियमांचं पुस्तक चाळलं. "उल्लेख नाही."

"म्हणजे चालतो." मावशींनी डब्याचं झाकण काढून नाक आत घातलं.

डावी पट्टी मऊ, पिवळट आणि चोळामोळा झालेली होती. तिला असा वास होता की मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. तो वास त्यांच्या ओळखीचा होता. वॉशिंग मशीन त्यापुढे केव्हाच हरलं होतं. उजव्या पट्टीला मात्र नव्याने रंगवलेल्या भिंतीचा वास होता. घामाचा पत्ता नाही.

"एकाच माणसाचे दोन हात. एक घामेजला, दुसरा नाही?"

"प्लॅस्टरने वास शोषून घेतला असेल," अध्यक्ष म्हणाले.

"असेल," मावशी म्हणाल्या. ‘असेल’ हा शब्द ऐकून आजवर कितीतरी विद्यार्थी गार पडले होते. अध्यक्षांना तो अनुभव नव्हता.

त्यांनी उजवी पट्टी सगळ्या बाजूंनी न्याहाळली. तळहाताच्या बाजूने कातरीने कापलेली. मनगटापासून बोटांच्या मुळापर्यंत पाटीसारखी सरळ, जणू कुणी ‘थांबा’ म्हणून हात पुढे केलाय. आतल्या बाजूला बोटांच्या हाडांचे उथळ खळगे उमटलेले, तीन. वर चिकटपट्टीचे वेढे, कोरे करकरीत. आणि त्यांवर मनगटापाशी हिरव्या शाईची सही. सहीचा चौकोनी तुकडा तेवढा सुरकुतलेला आणि शाई घामाने फुटलेली.

"ही सही कुणाची?"

"पडलेल्या बॉक्सरच्या कोचची. पट्टी बांधताना समोरच्या पक्षाचा माणूस डोळ्यांत तेल घालून बघतो, आणि समाधान झालं की दोन्ही पट्ट्यांवर सही करतो. वर लगेच ग्लोव्ह चढतो, ग्लोव्हला सील लागतं. मध्ये कुणी काही घालूच शकत नाही." अध्यक्षांनी डबा बंद केला. "म्हणूनच म्हणतो, पट्टी त्याच्याच हातावरची. सही स्वतः साक्षीदाराने ओळखली आहे."

४

पडलेल्या बॉक्सरचा कोच हॉस्पिटलच्या जिन्यात बसला होता. टोपलीने फोडलेल्या त्याच्या कपाळावर चिकटपट्टी होती.

"तुम्ही त्याच्या मावशी ना? मग मी तुमच्याशी बोलत नाही," असं म्हणून तो बराच वेळ बोलला. सही त्याचीच. पट्टी बांधताना तो समोरून हलला नव्हता. कापड मऊ होतं, त्याने स्वतः चाचपलं होतं.

"मग मऊ पट्टीवर सही केलीत, आणि कडक पट्टीवर तीच सही सापडली?"

"तेच डोक्यात घुमतंय हो. मी आंधळा तरी, नाहीतर खोटारडा तरी. माझ्या पोराला नळीने दूध पाजतायत, आणि मी इथं बसून ठरवतोय की मी यातला कोण."

हा माणूस नाटक करत असेल, तर त्याने धंदा चुकीचा निवडला होता.

पट्टी बांधणारा पट्टीमास्तर घरीच सापडला. मॅनेजरने त्याला गेल्या तीन लढतींपासून आणलं होतं. त्याआधी हे काम बाळचे जुने कोच, उस्ताद करत. पट्टीमास्तर हडकुळा, नीटनेटका माणूस होता, आणि त्याच्या बोलण्यातसुद्धा घडी मोडलेली नव्हती.

"मी हात बांधतो, बाई. सोडत नाही. लढत संपली की मी भुवईची जखम बघतो. परवाही तेच करत होतो. पट्ट्या मी कापलेल्या नाहीत."

"मग कुणी कापल्या?"

"उस्तादांनी. तेवढंच काम त्यांना उरलंय." हे त्याने द्वेषाने म्हटलं नाही. कपाटातला मधला कप्पा रिकामा आहे, असं सांगावं तसं म्हटलं.

मॅनेजर ऑफिसात उभ्यानेच दोन फोनवर बोलत होता. त्याच्या मते जगात वाईट असं काही घडतच नाही, फक्त प्रसिद्धी घडते.

"मॅडम, टेन्शन नाही घ्यायचं. आज सकाळपासून बुलडोझरचं नाव सगळीकडे आहे. वाद हासुद्धा ब्रँडच असतो."

"लायसन गेलं तर?"

"तर दुसरा बुलडोझर." मग मावशींचा चेहरा बघून त्याने एक फोन खाली ठेवला. "म्हणजे, तशी वेळ येणार नाही. बाहेरचा मोठा कोच ठरवलाय मी त्याच्यासाठी. किताबाच्या लढतीपासून सगळी टीम नवी."

"हे उस्तादांना माहीत आहे?"

"सांगितलंय ना! लढतीच्या आदल्या आठवड्यात, छान समजावून सांगितलं. हसले ते."

"टोपली बोळात कुणी ठेवली?"

"टोपली?" मॅनेजरला हा प्रश्न एवढा क्षुल्लक वाटला की तो दुसऱ्या फोनवर गेला.

स्वतःची चिठ्ठी माणूस गिळतो. ही चिठ्ठी मात्र कुणीतरी वाटेत मांडून ठेवली होती, सगळ्यांना सापडावी म्हणून.

५

उस्तादांची तालीम म्हणजे पत्र्याची शेड. टांगलेल्या पोत्यांवर ठिगळं होती आणि ठिगळांवर ठिगळं. बाळ तेरा वर्षांचा असताना मावशींनीच त्याला इथे आणून सोडलं होतं, वजन कमी व्हावं म्हणून. इथेच ते कामाला लागलं.

उस्ताद एकटेच होते आणि एका जागी ठरत नव्हते. दोरी गुंडाळत, पुन्हा सोडत, पुन्हा गुंडाळत.

"या ताई. पोरगं जेवतंय ना?"

"जेवतंय. बसत नाही."

"बसणार कसं? त्याच्या पायांत स्प्रिंग मी घातलीय." ते हसले, आणि मग हसू कुठे ठेवावं ते त्यांना कळेना. "तुम्ही काळजी करू नका. त्या पट्टीवाल्याचंच काम आहे हे. सूटबूट घालून येतो, पेटी उघडतो, जणू हार्टचं ऑपरेशन! त्याला आधी हाकलून द्या म्हणावं मंडळाला!"

उस्तादांनी टेबलावर मूठ आपटली. तरुणपणी तेही हेवीवेट होते. ती मूठ बघून टेबलाने काय काय सोसलं असेल याची कल्पना येई. तीन गाठी डोंगरांसारख्या उभ्या, आणि करंगळीच्या जागचा चौथा डोंगर मात्र साफ बसलेला, प्लॉट पाडायला सपाट केल्यासारखा.

"जुनी लढत?" मावशींनी विचारलं.

"तेव्हा मोडलं आणि आतच बसलं. आमच्या वेळी पट्ट्या धड नसायच्या, ताई. म्हणून तर याचे हात मी असे बांधायचो... एक हाड नाही मोडू दिलं." उस्ताद मुठीकडे बघत राहिले. "पोराला कायमचं नाही ना काढणार?"

"सिद्ध झालं तर काढतील. नियमच आहे. पट्टी कुणीही बांधो, हात ज्याचा, पाप त्याचं."

उस्तादांच्या हातून दोरी सुटली. ती उचलायला त्यांना फार वेळ लागला.

६

दुसऱ्या दिवशी घरी बाळ खिडकीपाशी उभा होता. बाहेर बघत, उजवी मूठ डाव्या तळहातावर मारत. थप. थप. थप.

"हरलो असतो तरी चाललं असतं, मावशी. हरलेल्याला कुणी बेइमान तरी म्हणत नाही. कोपऱ्यावरचा चष्मेवाला आज मला बघून दुकानात आत गेला. मला वाटलं, चष्मा आणायला गेला."

"आणि?"

"शटर ओढायचा दांडा आणायला."

थप. थप.

मावशी त्या मुठीकडे बघत होत्या. मग त्यांनी ती दोन्ही हातांत धरली. बोटं मिटली होती. चार गाठी, चार ठसठशीत टेकड्या. आणि गाठींपाशी हात काटकोनात वळलेला.

"लढताना मूठ कधी उघडतोस का रे?"

"उघडली तर बोटं मोडतील ना. शेवटची घंटा होईपर्यंत मिटलेली."

मावशी खुर्चीत बसल्या. वास नाही. सहीचा तुकडा सुरकुतलेला, शेजारची पट्टी कोरी. टोपली वाटेत. पाटीसारखी सरळ पट्टी. तीन खळगे. उत्तरपत्रिका पूर्ण झाली होती. फक्त बैठक क्रमांक लिहायचा होता, आणि तो लिहायला हात धजत नव्हता.

कारण तेव्हाच दुसरा एक विचार मांजरासारखा पाय न वाजवता आत आला. न बोललं तर? शुक्रवारी लायसन जाईल. पोरगं घरी राहील. नाक सरळ राहील, मेंदू जागच्या जागी राहील, आणि मावशींना पुन्हा कधी डोळे मिटून बसावं लागणार नाही. मागितलं होतं ते हेच. फक्त शुक्रवारपुरतं गप्प राहायचं होतं.

थप. थप. थप. कपाटातल्या काचा थरथरल्या.

मावशी उठल्या आणि चपला पायांत सरकवल्या.

"कुठे निघालीस?"

"पट्टी बांधून घ्यायला."

७

"तुम्हाला पट्टी बांधू?" उस्तादांनी विचारलं. "तुमच्या हाताला काय झालं?"

"काही नाही. बघायचंय कशी बांधतात."

उस्तादांना हे विचित्र वाटलं असणार. पण पट्टीचा गुंडाळा हातात आला की त्यांचं बाकीचं सगळं थांबत असे. त्यांनी खुर्ची उलटी फिरवली, मावशींचा हात तिच्या पाठीवर ठेवला आणि कामाला लागले. मनगट, तळहात, अंगठा, बोटांच्या मधून आणि पुन्हा मनगट. तीन दिवसांत पहिल्यांदा हा माणूस स्थिर दिसत होता.

"बोटं पसरा, ताई. अजून. हात असा उघडाच हवा, नाहीतर पुढे मूठ वळल्यावर काचतं."

"नेहमी उघडाच?"

"मिटल्या मुठीला पट्टी बांधणारा अजून जन्माला यायचाय."

पट्टी झाली. मावशींनी मूठ वळली. कापड गाठींवरून आज्ञाधारकपणे वाकलं.

"आता समजा, यात प्लॅस्टर आहे. मी ग्लोव्ह घातलाय आणि अशीच मूठ धरून घाम गाळतेय. ते कुठल्या आकारात घट्ट होईल?"

उरलेली पट्टी गुंडाळणारे उस्तादांचे हात थांबले. "मुठीच्या," ते हळूच म्हणाले.

"मंडळाच्या डब्यातली सरळ आहे. ती ग्लोव्हमध्ये कधी गेलीच नाही. कुणीतरी निवांत बसून, हात उघडा ठेवून ती वाळवली. हे लबाडाचं काम नाही, उस्ताद. लबाडाने विचार करून मूठ वळली असती. हे जन्मभर पट्ट्या बांधलेल्याचं काम आहे. त्याला वेगळं सुचूच शकत नाही."

"तो पट्टीमास्तरही उघडाच बांध..."

"हो. म्हणून मी आत पाहिलं. पट्टी ज्या हातावर वाळली, त्याच्या हाडांचे खळगे आत उमटलेत. बाळच्या हाताला चार गाठी आहेत. पट्टीमास्तरलाही चार. आत खळगे आहेत तीन."

उस्तादांनी उजवा हात खिशात घातला. उशीर झाला होता, पण घातला.

"पट्ट्या कापल्या तुम्ही. सही असलेला तुकडा खऱ्या पट्टीवरून काढून यावर चिकटवला तुम्ही. टोपली बाहेर काढली तीही तुम्हीच. का?"

उस्तादांनी डाव्या हाताने दोरी ओढून घेतली.

"मला वाटलं, त्या पट्टीवाल्याला हाकलतील," उस्ताद म्हणाले. "मॅनेजरचं नाक कापलं जाईल. नवा कोच येणार नाही. आणि पोरगं... म्हणजे हात पुन्हा मीच बांधीन." त्यांनी दोरी पुन्हा सोडली. "हात ज्याचा, पाप त्याचं, हा नियम मला कुठे माहीत होता, ताई? मला माणूस कुठल्या पायावर भार टाकतोय ते वाचता येतं. पुस्तक नाही येत. तुम्ही काल सांगितलंत, तेव्हा कळलं. तेव्हापासून बोलायला तोंड उघडतो आणि दोरी गुंडाळतो."

मावशींनी त्यांच्यावर ओरडायचं ठरवलं होतं. पण तासाभरापूर्वी घरातल्या खुर्चीत बसून त्यांनी स्वतः जे केलं असतं, ते यापेक्षा फार वेगळं नव्हतं. दोघांनाही पोरगं हवं होतं. एकाने त्यासाठी प्लॅस्टर भिजवलं, दुसरी नुसती गप्प बसणार होती.

"शुक्रवारी तुम्ही बोलणार की मी?"

"मी बोलतो. पण ताई, पाया पडतो, पोराला तेवढं आधी..."

अचानक शेडमधला उजेड गेला. दोघांनी वळून पाहिलं. दाराचा उजेड पुरता अडवू शकेल असं गावात एकच शरीर होतं.

घरात बसवेना म्हणून बाळ मावशींच्या मागोमाग आला होता. किती वेळ उभा होता, ते विचारण्यात अर्थ नव्हता.

८

तो पुढे आला तेव्हा मावशींना पहिल्यांदा कळलं की समोरच्या कोपऱ्यातल्या माणसांना काय दिसत असेल.

उस्ताद उठले नाहीत. हातही वर केला नाही.

"खरी पट्टी कुठंय?" बाळने विचारलं.

"काय?"

"माझ्या उजव्या हातावरची. टोपलीत एकच होती. दुसरी कुठे टाकलीत?"

उस्तादांनी पेटी उघडली. ग्लोव्ह्जच्या खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते बाहेर येण्याआधी त्याचा वास आला.

"जाळणार होतो," ते म्हणाले. "नाही जमलं. तू त्या हाताने जिंकला होतास."

पिवळी, मऊ पट्टी. मनगटापाशी चिकटपट्टीत नीट कापलेला एक चौकोन, सहीएवढा.

बाळने ती घेतली, मावशींच्या हातात दिली आणि निघून गेला. उस्तादांनी मार खायची तयारी केली होती. ते हे सहन करू शकले नाहीत.

शुक्रवारी उस्ताद मंडळासमोर उभे राहिले आणि सगळं स्वतःच बोलले. सहीचा चौकोन खऱ्या पट्टीवरच्या भोकात सुबक बसला. नियमात उल्लेख नसतानाही अध्यक्षांनी वास घेऊन पाहिला आणि खिडकी उघडली. पडलेल्या बॉक्सरचा कोच दोन्ही हातांत तोंड झाकून बसला. तो आंधळाही नव्हता आणि खोटारडाही नव्हता, एवढंच त्याला हवं होतं. बाळचं लायसन परत मिळालं. उस्तादांना कोणत्याही बॉक्सरच्या खोलीत, कोपऱ्यात किंवा पेटीजवळ यायला कायमची बंदी झाली. ‘प्रेक्षकांत’ हा शब्द अध्यक्षांनी या वेळी उच्चारला नाही. विसरले की वगळला, ते मावशींनी विचारलं नाही.

९

किताबाच्या लढतीला मावशी आपल्या जागेवर जाऊन बसल्या. शेजारची खुर्ची रिकामी होती. दिवे मंदावण्याच्या आधी कुणीतरी बिचकत रांगेतून आलं आणि तिकीट पुन्हा पुन्हा बघत त्या खुर्चीपाशी थांबलं.

"चुकून आलं वाटतं हे," उस्ताद म्हणाले. "दाराखालून आत सरकवलेलं होतं. कुणी ते कळलं नाही."

घरच्या माणसांच्या रांगेतलं तिकीट बाजारात मिळत नसतं. मावशी ते बोलल्या नाहीत. त्यांनी खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली.

बाळ आला. नवा कोच, नवी टीम, पट्टीमास्तर पेटी घेऊन मागे. घंटा झाली आणि मावशींनी डोळे मिटले.

"डावा पाय चांगला टाकतोय," कानाशी उस्तादांचा आवाज आला. "हां. हां. वाकला बरोबर. काही लागलं नाही ताई, ग्लोव्हवर घेतला. श्वास घ्या."

मावशींनी श्वास घेतला. इतकी वर्षं त्या ठोशांचे नुसते आवाज ऐकत होत्या. आवाजाला कुणी अर्थ लावून देत नव्हतं. आता प्रत्येक थपेला मागून एक वाक्य येत होतं. एक राउंड गेला, दुसरा गेला. खुर्चीच्या हातावर उस्तादांची मूठ अस्वस्थ नाचत होती, ते त्यांना लाकडातून कळत होतं.

"आता हा उजवीने... नको रे, थांब. थांब!"

मग मोठा आवाज झाला. सगळं सभागृह उठल्याचं खुर्च्यांवरून कळलं. आणि उस्ताद बोलायचे थांबले.

"काय झालं?" मावशींनी विचारलं. "उस्ताद? अहो, काय झालं?"

मावशींनी डोळे उघडून शेजारी पाहिलं. उस्तादांनी दोन्ही मुठी डोळ्यांवर दाबून धरल्या होत्या. एका मुठीवर चार गाठी, दुसरीवर तीन.

कुणीतरी बघायला हवंच होतं. मावशींनी मान वळवली आणि आयुष्यात पहिल्यांदा रिंगकडे नीट, संपूर्ण पाहिलं.

"उभा आहे," त्या म्हणाल्या.

"आणि दुसरा?"

"तो नाही."

उस्तादांनी मुठी खाली घेतल्या नाहीत. फक्त विचारलं, "हात? उजवा हात कसा धरलाय त्याने?"

मावशींनी उठून, पुढच्या माणसाच्या खांद्यावरून वाकून बघितलं.

"वर," त्या म्हणाल्या. "चांगला सरळ वर."